दोन स्वरांमधला त

भाची: हे बघ, इथंही. आणि ह्या पानावर तर तीन ठिकाणी. आत्या, मी आता खुणा करायचं सोडून दिलंय. समासात जागाच उरली नाही.

आत्या: मग त्या टायपिस्टबाईंच्या कपाळावर कर खुणा. प्राकृत सूत्र तोंडी सांगताना मी स्वच्छ ‘लोग’ म्हणते, त्या ‘लोय’ टाइप करतात. मी ‘मत’ म्हणते, त्या ‘मय’. आणि हे बघितलंस का? मी ‘गत’ सांगितलं, गेलेला, आणि कागदावर ‘गय’. गय म्हणजे हत्तीसुद्धा होतो. सूत्रात सांगायचं आहे की साधू गावात गेला, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, गावात हत्ती शिरला.

भाची: पण पहिल्या भागात अशी एकही चूक नाही. त्याच बाई होत्या, तीच खुर्ची, तोच कीबोर्ड.

आत्या: पहिल्या भागात त्या नव्या होत्या, जपून करत होत्या. आता सरावल्या. माणूस सरावला की त्याचे हात चालतात आणि कान झोपतात. म्हणून मी सकाळीच निकाल लावून टाकला. संस्थेत कळवलं, ह्या बाई नकोत. त्यांनाही निरोप दिला, उद्यापासून येऊ नका.

भाची: काढून टाकलंस? मला न विचारता?

आत्या: तुला विचारायला तू काय संस्थेची अध्यक्ष आहेस? सुट्टीचं आत्याकडे येऊन प्रुफं वाचून देतेस, उपकार आहेत. पण पोटापाण्याला भूगोल शिकवतेस, तो शिकव.

भाची: फोन करून सांगितलंस?

आत्या: चिठ्ठी पाठवली. फोनवर हल्ली माणसं तावातावानं बोलतात, मला सोसत नाही.

भाची: आत्या, जरा ऐकशील? मी ह्या चुका वेगळ्या काढून बसले होते काल दिवसभर. टायपिंगच्या चुका अशा नसतात. टायपिंगमध्ये शेजारची कळ दाबली जाते, एखादं अक्षर दोनदा पडतं, मात्रा सुटते. इथं तसलं काहीच नाही. सगळ्या चुका एका जातीच्या आहेत. शब्दाच्या मधे, दोन स्वरांच्या बेचक्यात एकटं सापडलेलं अक्षर तेवढं गेलंय. क गेलाय, ग गेलाय, त गेलाय, द गेलाय, आणि त्याच्या जागी य. शब्दाचं पहिलं अक्षर मात्र जागच्या जागी आहे. जोडाक्षरंही. ‘पुत्त’ शाबूत, ‘भत्त’ शाबूत, ‘सक्क’ शाबूत.

आत्या: शाबास. लहानपणी ह्या टेबलाखाली बसून माझं आणि तुझ्या बापाचं अक्षरांवरून भांडण ऐकलंस ते अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं. अगं, हा तर प्राकृताचा नियमच सांगितलास तू. हजार वर्षं माणसं बोलत राहिली आणि मधली अक्षरं झिजत गेली. लोकाचा लोग झाला, लोगाचा लोय झाला. आपल्या मराठीत राजकुलाचं राऊळ झालं ते असंच.

भाची: हजार वर्षांत झालं ते. आपल्या पुस्तकात चार महिन्यांत कसं झालं?

आत्या: बाईंना भाषेची गोडी लागली असेल. बघता बघता पंडित झाल्या असतील.

भाची: त्यांना प्राकृताचं ओ की ठो कळत नाही. आणि तूच तशा बाई मागितल्या होत्यास. म्हणालीस, भाषा येणारा माणूस आपल्या मनचं टाइप करतो, मला कोरे कान हवेत.

आत्या: म्हणाले होते.

भाची: मग कोऱ्या कानांनी जे ऐकलं तेच उतरवलं असणार ना?

आत्या: तू चहा टाक आधी. तुझा चेहरा असा झालाय की मलाच काही झाल्यासारखं वाटतंय.

भाची: तू कुठं घेतेस हल्ली चहा? ठसका लागतो म्हणून सोडलास ना?

आत्या: तुझ्यासाठी टाक म्हटलं. नको तर नको. मग नीट बस आणि ऐक, मी मार्ग काढलाय. फाइल संध्याकाळी छापखान्यात जायची आहे. एवढ्या चुका बसल्या बसल्या काही दुरुस्त होत नाहीत. तेव्हा प्रस्तावनेत एक वाक्य घालायचं. मी सांगते, तू लिही. ‘उत्तरार्धासाठी कागदी पोथीचा पाठ स्वीकारला आहे.’ संपलं. लोय, गय, मय, सगळं त्या पोथीत तसंच आहे. कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

भाची: कुठली कागदी पोथी?

आत्या: आपल्याकडे कागदी पोथी आहे किती? ती एकच.

भाची: जिला तू रद्दी म्हणायचीस ती?

आत्या: रद्दी नाही म्हणाले मी. उशिराची म्हणाले.

भाची: रद्दी म्हणालीस. परिषदेत, भर सभेत, माइकवरून. मी मागच्या रांगेत बसले होते. त्या पोथीची बाजू घेणारे उपसंपादक उठून बाहेर गेले आणि जेवायलासुद्धा परत आले नाहीत.

आत्या: त्यांचं पोट तसंही बरं नव्हतं.

भाची: चेष्टा करू नकोस गं. तू ताडपत्राच्या पोथीसाठी त्या ग्रंथभांडाराच्या पायऱ्या किती वर्षं झिजवल्यास? आधी नाहीच म्हणाले, मग फोटो काढू देणार नाही म्हणाले. तू तिथं बसून भिंगाखाली एकेक ओळ उतरवलीस. का, तर जुना त तिथं टिकलाय. लेखनिकांनी पुढं आपापल्या काळाची सवय त्यात घुसवली, त्याचा य केला, तो पुसून मूळचा त परत आणायचा. लोक तुला मागं तकारबाई म्हणतात.

आत्या: पुढ्यातही म्हणतात. आणि त्यात एक र घालून म्हणतात. तक्रारबाई.

भाची: मग आता एका वाक्यात तो त सोडून देणार?

आत्या: वेळ नाही, ठकू.

भाची: कसला वेळ नाही? छापखाना सहा वर्षं थांबलाय. अजून महिनाभर थांबेल. थांब, मी आत्ताच त्यांना फोन लावते.

आत्या: नको.

भाची: का नको?

आत्या: खाली ठेव तो फोन. ठेव म्हणते ना.

भाची: ठेवला. आता सांग, कसला वेळ नाही?

आत्या: माझ्या वयाला माणसाला कसला वेळ असतो? उगाच उलटतपासणी घेऊ नकोस.

भाची: आत्या, मला हे कसं बोलावं कळत नाहीये. काल रात्रभर मी शब्द जुळवतेय. बाईंचे कान चुकत नाहीयेत. तुझं बोलणं बदललंय.

आत्या: असं?

भाची: हो.

आत्या: बरं. मग तळटीपा बघ. काढ कुठलंही पान. टीपा मराठीत आहेत, त्याही मीच तोंडी सांगितल्या, त्याच बाईंना, त्याच बैठकीत. सूत्र सांगायचं, लगेच खाली टीप सांगायची. काढ त्यात एक चूक. एक दाखव, मी ह्या घटकेला उठते आणि तू म्हणशील त्या डॉक्टरच्या दारात येऊन बसते.

भाची: नाहीये चूक.

आत्या: नाहीये ना? मग? माझी जीभ काय भाषा बघून अडखळते? प्राकृत आलं की लोळागोळा, आणि मराठी आलं की ताठ?

भाची: जीभ दोन्हीकडे सारखीच आहे. मराठीत आम्ही तुला सांभाळून घेतो, आत्या.

आत्या: म्हणजे काय?

भाची: म्हणजे तू ‘कागद’ म्हणालीस आणि त्यातला ग आलाच नाही, तरी बाई ‘कागद’च टाइप करतात. दुसरा शब्दच नाही ना तिथं. त्यांना कळतही नाही की ग आला नव्हता. मलाही कळलं नाही कधी. परवा तू ओट्यापाशी मला म्हणालीस, चाकू दे. मी दिला. पण तू चाकू म्हणाली नव्हतीस. चाऊ म्हणालीस. मी चाकू ऐकलं. प्राकृत कोण सांभाळून घेणार? ते तुझ्या तोंडून जसं येतं तसं कागदावर पडतं. अख्ख्या घरात आणि अख्ख्या संस्थेत तेवढं एकच खरं लिहिलं गेलंय.

आत्या: हं.

भाची: आणि मला तू ठऊ म्हणतेस. केव्हापासून म्हणतेस. मला वाटलं, म्हातारपणी लाडात आली.

आत्या: म्हातारपणी म्हणे.

भाची: हसू नकोस.

आत्या: तुला वाटतंय तसं काही नाही. कवळी सैल झालीय माझी. दातांच्या डॉक्टरला दाखवीन.

भाची: मग एकदा म्हणून दाखव. नुसतं ‘चाकू’ म्हण. मी खिडकीकडे तोंड करते, तुझे ओठ दिसायला नकोत मला.

आत्या: मी काय बालवाडीत आहे?

भाची: म्हण ना गं.

आत्या: नाही म्हणणार.

भाची: का?

आत्या: म्हणून बघितलंय मी. न्हाणीघरात. नळ सोडून.

भाची: कधी?

आत्या: झाले दिवस. तू इकडे तोंड कर, तुझ्या पाठीशी बोलायला मला आवडत नाही. सकाळी जरा बरं असतं. दुपारनंतर जीभ ओल्या फडक्यासारखी होते, उचलायला जड. तरी मी म्हणत होते, दमलेय. मग म्हणाले, कवळी. मग म्हणाले, बाईंचे कान. बाईंचे कान हे कारण मला सगळ्यात पसंत पडलं.

भाची: आणि मला एका शब्दानं नाही सांगितलंस.

आत्या: काय सांगायचं? तुझ्या बापाला झालं तेच मला होतंय असं सांगायचं? तू शाळेत होतीस तेव्हा. तुझ्या आईला बघवायचं नाही, म्हणून दादाजवळ मीच बसायची. त्याची मधली अक्षरं आधी गेली. मग पुढची गेली. मग नुसते स्वर उरले. माझ्याकडे बघून ‘आ, आ’ करायचा आणि मी आल्यागेल्याला सांगायची, पाणी मागतोय. पाणी दिलं की तोंड फिरवायचा. पाणी मागत नव्हता तो. काय मागत होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि अक्षरं ओळखणं हा माझा धंदा.

भाची: आत्या, हे तेच असेल असं नाही.

आत्या: नसेलही. म्हणून तर गेले नाही डॉक्टरकडे. गेलं नाही की ‘नसेलही’ एवढं तरी हातात राहतं.

भाची: तुझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं म्हटलं असतं तर? पोथी उघडली तर पाठ वेगळा निघेल, म्हणून उघडतच नाही, असं म्हटलं असतं तर?

आत्या: तर त्याला दाराबाहेर काढला असता.

भाची: मग?

आत्या: मग काही नाही. मला भीती वाटते, ठकू. झालं समाधान? दुसऱ्याच्या पोथीत चुका काढायला मला कधी भीती वाटली नाही. ही उघडायची म्हटलं की हात पुढं होत नाही.

भाची: मला काय कमी वाटतेय? पण मी बरोबर येते ना.

आत्या: आणि एवढंच नाही. डॉक्टरकडे गेले की तपासण्या आल्या, तपासण्या आल्या की चार दिवस दवाखान्यात राहणं आलं. लपून काय राहतंय? संस्थेच्या समितीला कळणार. समिती फार सभ्य आहे, मला काढणार नाही. माझी प्रकृती, माझं वय, माझ्यावरचा भार, असं गोड बोलून उपसंपादकांना माझ्या शेजारी बसवणार. त्या गृहस्थांचं मत तुला माहीत आहे. ते दुसऱ्या दिवशी बसून सगळ्या तचा य करतील. पहिल्या भागातलेसुद्धा. माझी उभी हयात पुसून काढतील, आणि मी समोर बसून ‘आ, आ’ करीन.

भाची: म्हणून तू आधीच करून टाकतेस?

आत्या: काय?

भाची: ते करतील म्हणून घाबरतेस, तेच तू स्वतःच्या सहीनं करायला निघालीस. अर्ध्या पुस्तकात. प्रस्तावनेत वाक्य घालून.

आत्या: अर्धं तर वाचेल.

भाची: वाचणार नाही. ज्या दिवशी ते पुस्तक उपसंपादकांच्या हातात पडेल त्या दिवशी ते विचारतील, उत्तरार्धात बाईंना य चालतो, तर पूर्वार्धात का नाही? काय उत्तर देशील? तुझ्याच वाक्यानं तुझा सगळा त जाईल.

आत्या: तू भूगोल उगाच शिकवतेस.

भाची: आणि टायपिस्टबाई? त्यांनी काय करायचं?

आत्या: त्यांना दुसरं काम मिळेल. वेग चांगला आहे त्यांचा.

भाची: ‘कान झोपतात’ हा शिक्का घेऊन?

(दाराची बेल वाजते. भाची उठून दार उघडते.)

टायपिस्ट: येऊ का आत? म्हणजे येऊ नका असा निरोप मिळालाय मला, नाही असं नाही. पण दोनच मिनिटं. मॅडम झोपल्या असतील तर परत येते.

भाची: या ना. आम्ही तुमच्याबद्दलच बोलत होतो.

टायपिस्ट: अरे बापरे.

आत्या: बसा, बाई.

टायपिस्ट: नको मॅडम, उभ्यानंच सांगते. बसलं की मला सुचत नाही. म्हणजे काय आहे, तुम्ही मागे रागावून म्हणालात ना, कान तपासून घ्या म्हणून, ते मी मनाला लावून घेतलं. रागानं नाही हं. मला वाटलं, असेलही. माझ्या सासूबाईंना ऐकू येत नाही, पण ते काही माझ्याकडे यायचं कारण नाही, तरी आपलं वाटलं. तर काल गेले होते मी कानाच्या डॉक्टरांकडे.

भाची: खरंच गेलात?

टायपिस्ट: हो तर. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला ते मोठं लावलं, आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. इतकी बारीक शिट्टी, मला वाटलं मनातच वाजतेय. तरी दाबलं. मग डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचे कान कॉलेजच्या मुलीसारखे आहेत. हा त्यांचा कागद. तर मला आनंद व्हायला हवा ना? मला रडूच फुटलं. कान ठीक आहेत म्हणजे मग दोष डोक्यातच असणार.

आत्या: डोकं ठीक आहे तुमचं.

टायपिस्ट: थांबा मॅडम, पुढं ऐका, मग रागवा. घरी गेले आणि मिस्टरांना म्हटलं, दाराआड उभे राहा आणि तोंडातल्या तोंडात काहीही पुटपुटा. ते बिचारे उभे राहिले. म्हणाले, गॅस संपत आलाय. कळलं मला. म्हणाले, तुझ्या मॅडमना दुसरं कोणी मिळालं नाही का छळायला. तेही कळलं. सगळं कळलं. पण आमच्या घरी प्राकृत कोण पुटपुटणार? तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला बाकी सगळं ऐकू येतं, ही भाषाच तेवढी ऐकू येत नाही. असेल बाई काही. तर ते सांगायला आले. नोकरी मागायला नाही आले. म्हणजे मागायलाच आले, पण वेगळी. ते वरचं सूत्र दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आणि खालच्या टीपा माझ्याकडे ठेवा. मराठी टीपा. त्यात माझी चूक होत नाही, तुम्हीच म्हणाला होतात.

भाची: आत्या.

आत्या: तू गप्प बस. मला कळतंय. बाई, तुम्ही आधी खुर्चीवर बसा. हं. तुमचे कान ठीक आहेत.

टायपिस्ट: डॉक्टरही तेच म्हणाले, पण—

आत्या: ते बरोबर म्हणाले. माझी जीभ ठीक नाही. मी जसं उच्चारलं तसं तुम्ही टाइप केलंत, अक्षराला अक्षर. मी तुम्हाला उगाच बोल लावला. आणि मला ते माहीत होतं. सगळं नाही, पण तुम्हाला काढून टाकण्याआधी थांबायला हवं होतं एवढं नक्की माहीत होतं.

टायपिस्ट: नाही हो मॅडम. असं कसं होईल? तुमचं बोलणं तर मला सगळं कळतं.

आत्या: तुम्ही कळून घेता.

टायपिस्ट: आत्तासुद्धा सगळं कळलं.

आत्या: आत्ता मी ‘उगाच’ म्हणाले. त्यातला ग ऐकलात?

टायपिस्ट: ऐकला की. म्हणजे, थांबा. परत म्हणा.

आत्या: उगाच.

टायपिस्ट: उआच.

आत्या: हं.

टायपिस्ट: अगंबाई. मॅडम, मी इतके दिवस समोर बसून...

आत्या: तुम्ही काय करणार? हिला कळलं नाही, ही माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय. मला कळलं, आणि मी तुमच्या कानांवर ढकललं. मला माफ करा असं मी फारसं कुणाला म्हटलेलं नाही, त्यामुळे सवय नाही. पण करा.

टायपिस्ट: असं नका म्हणू. मला कसंतरी होतं. आणि तुम्हाला काय झालंय?

आत्या: ते उद्या कळेल, किंवा उद्या कळायला सुरुवात होईल. ठकू, लाव त्या डॉक्टरला फोन. ज्यांनी दादाला बघितलं ते अजून असतील तर त्यांना, नाहीतर त्यांच्या मुलीला. वेळ दुपारची घे.

भाची: सकाळची घेते ना. सकाळी गर्दी नसते.

आत्या: सकाळी मी बरी बोलते. त्यांना वाटेल, म्हातारीला उगाच आणलीय. दुपारी खरं काय ते ऐकू दे त्यांना. चांगलाच तेवढा पाठ दाखवायचा आणि खराब झाकायचा, हे आपल्या घरात चालत नाही. आज जरा चाललं होतं, पण ते सोड.

भाची: आणि छापखाना?

आत्या: थांबा म्हणावं. ते वाक्य लिहिलंस का प्रस्तावनेत?

भाची: नाही लिहिलं.

आत्या: बरं केलंस. समितीला मी स्वतः लिहीन, हात अजून चालतोय. बाईंबद्दल सकाळी जे कळवलं ते चूक होतं, हे आधी. मग प्रकृतीचं. आणि पहिला भाग बरोबर पाठवीन. म्हणेन, माझ्या बोलण्यावर जाऊ नका, पाठावर जा. ऐकतील तर ऐकतील. नाही ऐकलं तर उपसंपादक आहेतच.

भाची: मला नाही वाटत ऐकतील.

आत्या: मलाही नाही वाटत. पण तोवर जेवढी पानं होतील तेवढी नीट झालेली असतील, आणि ती बदलायची तर त्यांना स्वतःच्या नावानं बदलावी लागतील. जा, फोन तिकडे खिडकीपाशी जाऊन कर. माझ्यासमोर रोगाचं वर्णन नको.

टायपिस्ट: मग मी आता काय करू, मॅडम? थांबू की जाऊ?

आत्या: कॉम्प्युटर लावा. उत्तरार्धाचं पहिलं पान काढा. सगळं पुन्हा करायचंय.

टायपिस्ट: पण करायचं कसं? रागावू नका हं, पण तुम्ही परत तसंच सांगाल आणि मी परत तसंच घालीन.

आत्या: बरोबर विचारलंत. त्यासाठी पहिली गोष्ट, मला सांभाळून घ्यायचं नाही. मराठीतसुद्धा नाही. ऐकू आलं नाही तर स्पष्ट म्हणायचं, नाही आलं. माझं तोंड कडू झालं तरी म्हणायचं.

टायपिस्ट: जमेल की नाही माहीत नाही, पण म्हणेन.

आत्या: दुसरी गोष्ट. प्राकृतात मधली अक्षरं पडतात, पण शब्दाच्या सुरुवातीचं अक्षर पडत नाही. माझंही अजून पडत नाही, बघा, त्या बाबतीत मी भाषेच्या नियमाला धरून आजारी आहे. तेव्हा जिथं जिथं तुम्हाला य ऐकू येईल तिथं थांबायचं आणि विचारायचं, कुठला. मग मी ते अक्षर शब्दाच्या तोंडाशी घेऊन सांगीन. घराचा घ, पाटाचा प, तसं. हळू होईल. पण होईल.

टायपिस्ट: शाळेत शिकवतात तसं.

आत्या: अगदी तसं. उघडलं पान?

टायपिस्ट: उघडलं. सांगा, मॅडम.

आत्या: पहिला शब्द. सुत.

टायपिस्ट: सुय. थांबा, य आला. कुठला?

आत्या: त. तव्याचा त.

टायपिस्ट: तव्याचा. सुत. हे घातलं. मॅडम, एक विचारू? चार महिने टाइप करतेय, कधी विचारलं नाही. ह्याचा अर्थ काय?

आत्या: ऐकलं.

टायपिस्ट: हो, ऐकलं ना मी, घातलंही. अर्थ विचारतेय.

आत्या: तोच अर्थ आहे, बाई. ऐकलं.